‘सिग्नल पडला’ म्हणजे गाडी सुटली की थांबली?

रुळाकाठची:
आजोबांच्या आठवणी टंकते आहे. ते दौंड जंक्शनला सिग्नलच्या केबिनमध्ये होते. त्यांचं वाक्य असं: ‘सिग्नल पडला आणि मनमाडकडची गाडी हलली.’ मुद्रितशोधकांनी ‘पडला’ खोडून ‘सुटला’ केलं आणि समासात लिहिलं, ‘सिग्नल पडल्यावर गाडी थांबते.’ आजोबांचा शब्द ठेवू का?

जुना_प्रवासी:
ठेवाच! तेव्हा सिग्नल म्हणजे खांबावरची हलती पट्टी, तिला हात म्हणत. हात आडवा म्हणजे थांबा. केबिनमधून तार ओढली की तो ४५ अंश खाली यायचा, तोच ‘पडला’. आम्ही पोरं ‘पडला रे पडला’ ओरडलो की अख्खा फलाट वळकट्या उचलायचा.

चौकातला:
पुण्यात चौकात ‘पडला’ म्हणजे लाल. आजचा वाचक उलटं वाचेल. ‘मिळाला’ लिहा.

तारखांब:
हात सगळीकडे पडायचा नाही. पुढच्या बनावटीत तो वर उठायचा. तार तुटली तरी स्वतःच्याच वजनाने आडवा यावा, गाडी थांबावी, म्हणून. खाली पडणाऱ्या हाताला आडवं आणायला उलट वजन लागे. १८७६ साली इंग्लंडात अ‍ॅबट्स रिप्टनला बर्फाने हात खालीच अडकले आणि गाड्या एकमेकींवर आदळल्या. आमच्या स्टेशनात उठणारे हात होते, पण वडील म्हणायचे ‘पडला’च.

शुद्धमती:
मुळात ‘सिग्नल’ कशाला? ‘संकेत’ आहे की. गाडीचा रूळ बदलून देणाऱ्या पॉइंट्समनला ‘सांधेवाला’ म्हणत होतोच ना आपण?

जुना_प्रवासी:
ताई, सांधेवाला रुळावरच्या माणसांच्या तोंडी रुळला म्हणून टिकला. ‘संकेत पडला’ असं फलाटावर ओरडून बघा, एकही वळकटी हलायची नाही.

शुद्धमती:
वापरलाच नाही तर रुळणार कसा? ‘दिनांक’ही एकदा नवाच होता.

रुळाकाठची:
रूळ बदलायच्या जोडाला आजोबा सांधाच म्हणत. केबिनमध्ये ओढायच्या दांड्यांपैकी सिग्नलच्या लिव्हर लाल, सांध्यांच्या काळ्या, सांधा जागी धरणाऱ्या कुलपांच्या निळ्या. सांधा नीट बसून कुलूप लागल्याशिवाय लाल लिव्हर जागची हलत नसे, कितीही जोर लावा. मुठीत कायम फडकं असायचं, घामाने दांडा गंजू नये म्हणून. ते फडकं आजीने जपून ठेवलंय.

चौकातला:
सांधा ‘संधि’वरूनच ना? मग जंक्शनलाच सांधा म्हणायला हवं. तिथेच तर मार्ग जुळतात.

तारखांब:
मग ‘जंक्शन जेवण’ कुठून आलं? जंक्शन म्हणजे दणदणीत, हा अर्थ इंग्रजीत नाही.

जुना_प्रवासी:
गाडी तिथे जास्त थांबायची म्हणून, असं माझं मत. दौंडला मनमाडहून पुण्याला जाणाऱ्या गाडीचं इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावत. तेवढ्यात डबा उघडून पोटभर जेवण व्हायचं.

शुद्धमती:
नाही पटत. मोठं स्टेशन म्हणून मोठं ते जंक्शन, एवढंच असणार.

रुळाकाठची:
‘पडला’चं काय करू? परवा छपाईला द्यायचंय.

चौकातला:
आमच्याकडे ‘जंक्शन माणूस’ही म्हणतात. तुमच्याकडे?