वडगावात नेट कुणाचं घ्यावं? गल्लीतल्या केबलवाल्याला सोडू की नको?

मागवाली_वहिनी (वडगाव, बेळगाव)

नमस्कार मंडळी. खाली आमचे चार माग, वर आम्ही राहतो. थोरली पुण्याच्या एका कंपनीचं काम घरातनं करते, धाकटा पीयूसी सेकंड इयरला. नेट गल्लीतल्याच केबलवाल्याचं आहे, पाच वर्षं झाली. ५० एमबीपीएस, महिन्याला ५०० रुपये. पावती मी कधी मागितली नाही नि त्यानं कधी दिली नाही.

आता तक्रार ऐका. दिवसातनं तीन-चार वेळा नेट जातंय आणि दोन-तीन मिनिटांनी आपोआप येतंय. मागच्या आठवड्यात थोरली साहेबांसमोर बोलत होती आणि मधेच गायब. परत आली तर साहेब म्हणतात, “तुमच्याकडे पाऊस आहे का?” पाऊस कसला, कडकडीत ऊन होतं. शिवाय रात्री आठ ते दहा गोल फिरतच राहतंय, ते वेगळंच.

केबलवाल्याला फोन केला की “येतो वैनी” म्हणतो. येतो पण, खोटं कशाला बोलू. दोनदा येऊन बघून गेला, चहा पिऊन गेला, “लाईन ओके आहे” म्हणाला. पोरगा गुणी आहे. गणपतीत आमच्या मंडळाची लायटिंग फुकट करून देतो. म्हणूनच पंचाईत. वर्षभर तोंडं बघायची आहेत.

समोरच्या खांबावर एका मोठ्या कंपनीचा डबा बसलाय. दुसरी एक कंपनी गच्चीवर अँटेना बसवून देतो म्हणतेय, वायरच नको. आणि आमचे हे म्हणतात, सरकारी ते सरकारी, बीएसएनएल घ्या. कुणाचं घेऊ, तेवढं सांगा की.

तिसरं_गेट

वहिनी, मोठ्या कंपनीचं घ्या. मी टिळकवाडीत दोन वर्षं वापरतोय. फक्त जाहिरातीतल्या आकड्यावर जाऊ नका, त्यावर १८ टक्के जीएसटी असतो. ६९९ चा प्लॅन हातात ८२५ ला पडतो. “इन्स्टॉलेशन फ्री” म्हणतात ते बहुतेक सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे पैसे एकदम भरले तरच. राउटर कंपनीचाच राहतो, सोडताना परत द्यायचा आणि दिल्याची पोच घ्यायची. माझ्या मेहुण्यानं पोच घेतली नाही, आठ महिने त्याला वसुलीचे फोन येत होते.

अनलिमिटेड म्हणजे बहुतेक ठिकाणी महिन्याला ३३०० जीबी. ते तुमच्यानं संपत नाही, काळजी नको.

चिऱ्याचं_घर (खानापूर)

अँटेनाचं मी सांगतो, आमच्याकडे आहे. गच्चीवर किंवा भिंतीवर एक डबा बसवतात, तो टॉवरवरनं फाइव्हजी घेतो आणि तिथनं वायरीनं घरातल्या राउटरला येतं. म्हणजे वायर आहेच, फक्त रस्त्यावरची नाही. आमच्या रानाकडच्या बाजूला पावसाळ्यात झाड पडलं की खांबावरची वायर तुटते, म्हणून आम्ही हे घेतलं. पहिले चार महिने झकास. मग आसपास तीस-चाळीस घरांनी तेच घेतलं नि संध्याकाळी आमचा भाग कमी झाला. टॉवर एकच, वाटेकरी वाढले. जिथं फायबर येत नाही तिथं घ्या. तुमच्या खांबावर फायबर असताना कशाला?

दुसरं, राउटर कुठं ठेवलाय? आमचं जुनं घर, दीड फूट जाड चिऱ्याच्या भिंती. पुढच्या सोप्यात नेट पळतंय आणि स्वयंपाकघरात नावालाही नाही. वर्षभर कंपनीला शिव्या दिल्या. शेवटी मधल्या खोलीपर्यंत साधी लॅन केबल ओढून दुसरा राउटर लावला. कंपनीची काही चूक नव्हती.

जोड_मारणारा

ताई, मी याच कामात अकरा वर्षं आहे. सध्या कुठल्याही कंपनीत नाही, त्यामुळं कुणाची बाजू घेत नाही. कंपनी बदलायच्या आधी एक सांगा. नेट जातं तेव्हा त्या पांढऱ्या डब्यावर नक्की काय दिसतं? एलओएस लिहिलेला दिवा लाल होतो, की सगळे दिवे विझून एकेक करत परत लागतात?

मागवाली_वहिनी

दादा, दोन दिवस डब्यासमोर स्टूल टाकून भाजी निवडत बसले. दोनदा सापडलं. लाल काही नाही. सगळे दिवे विझतात, मग पहिला लागतो, मग दुसरा, आणि शेवटी तो लुकलुकणारा स्थिर होतो. दोन्ही वेळा लाईट होती, पंखा फिरत होता. ही कसली भानगड?

जोड_मारणारा

मग लाईनचा दोष नाही, तुमचा केबलवाला खरंच बोलत होता. फायबर तुटलं, मुरगळलं किंवा जोड खराब झाला की एलओएस लाल होतो. अशा वेळी आम्ही फायबरमधनं किती प्रकाश येतो ते मोजणारं पॉवर मीटर लावतो. उणे १८, उणे २० दाखवलं तर छान. उणे २७ च्या खाली गेलं की डब्याला प्रकाश पुरत नाही. पण दिवेच विझतात म्हणजे डब्याला करंट मिळत नाही.

खाली माग चालतात म्हणालात. राउटरचा अडॅप्टर कुठल्या बोर्डात आहे? त्या भिंतीला हात लावून बघा. नंतर अडॅप्टरची बारीक पिन राउटरच्या मागं हलकेच हलवून बघा.

मागवाली_वहिनी

अरे देवा.

बोर्ड नेमका जिन्याच्या भिंतीवर, खाली दोन नंबरचा माग. भिंतीला तळहात लावला तर मांजर गुरगुरतंय असं वाटलं. पंचवीस वर्षं या घरात आहे, आम्हाला ते जाणवतच नाही. पिनला बोट लावलं नि डबा बंद! पिन अर्धी बाहेर आलेली. दाबून बसवली, पण घट्ट बसत नाही, भोकच ढिलं झालंय. आणि आम्ही त्या पोराला दोनदा जिना चढायला लावला.

सध्या रबर बँड लावलाय. पण रात्रीचं काय? ते तर पिनमुळं नाही ना?

जोड_मारणारा

नाही, रात्रीचं वेगळं. लॅपटॉपला वायफाय बंद करून राउटरमधनं लॅन केबल लावा. सकाळी सातला स्पीड मोजा, रात्री नऊला मोजा. तीन दिवस लिहून ठेवा. मोबाईलवर मोजलेलं धरू नका, त्यात तुमचं वायफाय, शेजाऱ्यांचं वायफाय, सगळं येतं. आणि रबर बँडवर विसंबू नका, राउटर त्या भिंतीवरनं हलवा. अडॅप्टरवर लिहिलंय तेवढ्याच व्होल्टचा आणि त्याच पिनचा राउटरचा छोटा यूपीएस मिळतो, तो लावला तर लाईट गेल्यावरही नेट चालतं. मात्र भोक ढिलं असलेला डबा बदलूनच घ्या.

शिनोळीकर

विषय थोडा बाजूचा. मोठी कंपनी घेतलीत तर टोल फ्रीवर मराठी मिळेल असं समजू नका. माझं घर बेळगावात, दुकान शिनोळीत. कंपनी एक, नंबर एक. दुकानातनं लावला की मराठीत बोलतात, घरच्या कनेक्शनसाठी लावला की कन्नड, इंग्रजी, हिंदी. मधे सीमा आहे ना, इकडं कर्नाटक सर्कल, तिकडं महाराष्ट्र. “नाळे बरतार” ऐकायची सवय ठेवा. नाळे म्हणजे उद्या.

मागवाली_वहिनी

कन्नड येतंय ओ आम्हाला. नाळेचा अर्थही चांगला माहीत आहे.

तीन दिवसांचं मोजलं. सकाळी ४८, ४७, ४८. रात्री ६, ९, ५. थोरलीनं वहीत लिहिलंय.

जोड_मारणारा

मग स्पष्ट आहे. सकाळी ४८ येतंय म्हणजे तुमच्या घरापर्यंतची लाईन चांगली. त्यानं वरनं जेवढं नेट विकत घेतलंय त्यापेक्षा जास्त घरांना वाटलंय, म्हणून सगळे टीव्हीसमोर बसले की आटतं. हे त्याला तुमच्या घरी येऊन दुरुस्त करता येत नाही. त्याला वही दाखवा. वर वाढवून घेतो का विचारा.

नाही म्हणाला तर समोरच्या खांबावरची कंपनी. पण पैसे भरायच्या आधी त्याच डब्यावरनं कनेक्शन घेतलेल्या शेजाऱ्याकडं जाऊन रात्री नऊला मोजा. टिळकवाडीत चांगलं चालतं म्हणून वडगावात चालेलच असं नाही. आणि एकदम वर्षाचे भरू नका. बीएसएनएलचंही तसंच, फायबर बऱ्याच ठिकाणी स्थानिक भागीदार चालवतात. तुमच्या भागात कोण आहे आणि बोलावल्यावर किती दिवसांनी येतो, ते आधी विचारा.

मागवाली_वहिनी

काल त्याला बोलावलं. आधी पिनचं सांगून माफी मागितली, मग वही पुढं ठेवली. बराच वेळ बघत बसला. म्हणाला, “वैनी, खरं सांगतो, दिवाळीपर्यंत वाढवणं जमत नाही. तुम्ही थोरलीसाठी दुसरं घ्या, मला वाईट वाटणार नाही.” नवा डबा मात्र लगेच बदलून दिला, पैसे घेतले नाहीत.

रात्री नऊला समोरच्या जोशीकाकूंकडं लॅपटॉप घेऊन गेलो. त्यांच्याकडं त्या मोठ्या कंपनीचं शंभरचं आहे, ९१ आलं. थोरलीच्या खोलीत ते घेतेय, तीन महिन्यांचे भरून. केबलवाल्याचं खालच्या खोलीत राहू दे म्हटलं, पण प्लॅन लहान कर, ३०० चा. हे टीव्हीवर बातम्याच बघतात, त्यांना रात्रीचे सहासुद्धा पुरतात.

नवी वायर कुठनं आत घ्यायची त्यावर आता वाद चाललाय. हे म्हणतात जिन्याच्या भिंतीतनं.

जोड_मारणारा

जिन्याची भिंत सोडून कुठनंही घ्या, ताई. आणि खिडकीच्या फटीतनं नको, खिडकी लावताना फायबर चेमटतं. कोपऱ्याला गोल वळण ठेवायला सांगा.