सिग्नल 'जातो' की 'मिळत नाही'?

शेवरी: गाडीच्या माहितीपुस्तिकेचं मराठी करतेय. बोगद्यात, उंच इमारतींमध्ये, दाट झाडीखाली नकाशावरची जागा का चुकते, असा परिच्छेद आहे. मी लिहिलं, 'पुढे सिग्नल नसेल तर ठिपका चुकीच्या जागी दिसू शकतो.' तपासणाऱ्यांचा शेरा आला, 'चालक लाल दिवा समजेल.' पुस्तिका चालकांसाठीच असल्याने शेरा अगदीच अस्थानी नाही. मग 'संकेत' लिहू का?

मुळाक्षर: लिहा की. घरचा शब्द असताना उसनवारी कशाला?

खटपट्या: संकेत म्हणजे आपसात ठरवलेली खूण. 'संकेतस्थळ' म्हणजे मुळात चोरून भेटायची जागा, तिचं आपण काय करून ठेवलंय ते बघा. लोक 'रेंज गेली' म्हणतात, तेच लिहा.

तारायंत्र: रेंज तर अजिबात नको. ती मोबाइलच्या टॉवरची. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सारखे सांगत असतात, फोन नुसता ऐकतो. डोंगरात रेंज गेली की नकाशा उतरत नाही, पडदा कोरा राहतो, पण ठिपका कोऱ्या पडद्यावरही बरोबर सरकत असतो. उंच इमारतींच्या गर्दीत नेमकं उलटं: रेंजच्या सगळ्या काड्या भरलेल्या आणि ठिपका पलीकडच्या रस्त्यावर. दोन्हीला 'रेंज गेली' म्हटलं तर माणूस खिडकीबाहेर हात काढून रेंजच शोधत बसेल.

शेवरी: म्हणजे इमारतींमध्ये सिग्नल जात नाही?

तारायंत्र: येतो, पण आडवाटेने. उपग्रह इमारतीच्या आड जातो आणि समोरच्या भिंतीवर आपटून आलेला सिग्नल फोन खरा धरतो. वाट लांबली की वेळ लांबला, आणि इथे सगळं गणित वेळेचं. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक म्हणजे ३०० मीटर. भिंतींमुळे होणारा उशीर त्याहून बराच कमी, तरी रस्ता बदलायला पुरतो. 'सिग्नल नाही' हे खरं फक्त बोगद्यात. तिथे काही गाड्या चाकांच्या फेऱ्या आणि वळणं मोजून अदमासाने ठिपका पुढे ढकलतात.

अडगळ: पंचांगात यासाठी दोन शब्द आयते आहेत. ग्रहणात काहीतरी आड येतं. गुरू-शुक्राचा अस्त होतो तेव्हा आड काहीच नसतं, सूर्याच्या तेजात ते बुडून जातात. त्यालाच लोप म्हणतात. बोगद्यात ग्रहण, शेजारच्या ट्रकात कोणी जॅमर, म्हणजे सिग्नल दाबून टाकणारं यंत्र, लावला असेल तर लोप.

तारायंत्र: हे आवडलं. जमिनीवर पोचेपर्यंत हा सिग्नल इतका क्षीण होतो की आसपासच्या विद्युत गोंगाटाच्याही खाली असतो. यंत्र ठरलेल्या नमुन्यावरून तो उपसून काढतं. त्यामुळे लहानसा जॅमरही त्याला बुडवतो. काचेला चिकटवलेले काही कॅमेरेसुद्धा हा उद्योग करतात.

मुळाक्षर: शेवटी संस्कृतच कामाला आलं.

खटपट्या: 'उपग्रहाचा अस्त झाला आहे' असं गाडी बोलली तर चालक उदयाची वाट बघत कडेला थांबेल.

तारायंत्र: हसू नका, उपग्रह खरंच मावळतात. पृथ्वीभोवती फेरी साधारण १२ तासांची. जागा नीट काढायला किमान चार दिसावे लागतात, तीन जागेसाठी आणि चौथा फोनच्या घड्याळाची चूक काढायला. अरुंद गल्लीतून आभाळाची पट्टीच दिसते, तिच्यात सकाळी पुरेसे असतील, दुपारी नसतील. म्हणून 'अस्त' बाद, 'लोप' ठेवा.

शेवरी: पण बोगद्यासाठी काय लिहू? 'ग्रहण' तर लिहिता येणार नाही.

अडगळ: 'आडोसा' बघा. 'उपग्रह आडोशाला जातात.'

मुळाक्षर: आडोसा आपण घेतो, वाऱ्यापावसापासून. उपग्रह कशाला घेतील? 'अवरोध' म्हणा.

खटपट्या: अवरोध वैद्याकडे नेऊन दाखवा.

शेवरी: परवा मजकूर द्यायचाय हो.

अडगळ: आणि 'बोगदा'च का? 'भुयारी मार्ग' लिहा.

मुळाक्षर: भुयाराला दुसरं तोंड असायलाच हवं असं नाही. बोगद्याला दोन्ही तोंडं हवीत.

अडगळ: मग खणून अर्धवट सोडलेल्या बोगद्याला काय म्हणायचं?