व्यसन जडण्याची प्रक्रिया समीकरणांत मांडता येते का?

प्रश्न – सांख्य

मी गणिताची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे आणि गतिकीय प्रणाली हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे. प्रबंधासाठी मेंदूत व्यसन कसे जडते याच्या गणिती प्रारूपांचे वाचन सुरू केले, तेव्हा एकमेकांशी फारसे न बोलणारे दोन प्रवाह मला दिसले. एका प्रवाहात व्यसन म्हणजे बिघडलेले शिकणे असे मानले जाते, तर दुसऱ्यात व्यसन म्हणजे शरीराचे बिघडलेले संतुलन. पहिल्या प्रवाहातील डेव्हिड रेडिश यांचे २००४ चे प्रारूप वाचून मी अडखळले, कारण त्यात अमली पदार्थाचे मेंदूने ठरवलेले मूल्य प्रत्येक सेवनागणिक वाढतच जाते आणि त्याला कुठेही वरची मर्यादा नाही. कोणतीही जैविक राशी अशी अमर्याद वाढत नाही. मग हे प्रारूप इतके महत्त्वाचे का मानले जाते?

दुसरे असे की, कोणत्याही प्रारूपाला निदान तीन गोष्टींचा उलगडा करता आला पाहिजे, असे मला वाटते. पदार्थ चाखून पाहणाऱ्यांपैकी थोड्यांनाच व्यसन का लागते, ‘माझ्यावर माझा ताबा आहे’ असे वाटण्याचा दीर्घ काळ गेल्यावर परिस्थिती अचानक का ढासळते, आणि पदार्थ शरीरातून कधीच निघून गेलेला असतानाही कित्येक वर्षांनी माणूस पुन्हा व्यसनाकडे का वळतो? हे सारे एकाच समीकरणात बसेल का?

उत्तर १ – रेवती

आपला आक्षेप रास्त आहे, पण त्या प्रारूपाचे महत्त्व नेमके कशात आहे हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. रेस्कोर्ला आणि वॅग्नर यांनी १९७२ साली मांडलेला शिकण्याचा नियम अगदी साधा आहे: नवे मूल्य = जुने मूल्य + शिकण्याचा दर × (मिळालेले बक्षीस − अपेक्षित बक्षीस). कंसातील फरकाला आपण ‘अपेक्षेची चूक’ म्हणू. बक्षीस १० आणि दर ०.२ धरला, तर मूल्य शून्यापासून २, ३.६, ४.८८ असे वाढत १० च्या जवळ जाऊन थांबते, कारण अपेक्षा पुरी झाली की चूक शून्य होते आणि शिकण्यासारखे काही उरत नाही. १९९७ साली शुल्ट्झ, दायान आणि माँटेग्यू यांनी दाखवून दिले की मध्यमेंदूतील डोपामिन (मेंदूतील एक संदेशवाहक रसायन) स्रवणाऱ्या चेतापेशींचे वर्तन ही चूक दाखवणाऱ्या संकेताशी विलक्षण जुळते: प्राण्याला अनपेक्षितपणे फळाचा रस मिळाला की त्या पेशी जोराने स्पंदतात, रसाची पूर्वसूचना देणारा संकेत ठाऊक झाला की स्पंदने त्या संकेताकडे सरकतात, आणि अपेक्षित रस मिळाला नाही तर ऐन त्या क्षणी ती मंदावतात.

रेडिश यांनी यात एकच भर घातली. कोकेनसारखा पदार्थ अपेक्षा कितीही असली तरी डोपामिन वाढवतोच, कारण तो ते थेट औषधी क्रियेने वाढवतो. म्हणून चूक दाखवणारा संकेत एका ठरावीक पातळीखाली कधीच जात नाही. वरच्याच उदाहरणात ही अतिरिक्त भर २ धरून गणित केले, तर मूल्य नवव्या सेवनाला १० ओलांडते आणि त्यानंतर दर वेळी न चुकता ०.४ ने वाढते. आणखी शंभर सेवनांनंतर ते ५० च्या पुढे गेलेले असते. एका क्षुल्लक वाटणाऱ्या पदाने अभिसारी (एका मूल्यावर स्थिरावणारी) प्रक्रिया अपसारी (न थांबता वाढणारी) होते, हे त्या प्रारूपाचे मर्म आहे. मूल्य प्रत्यक्षात अनंताकडे जात नाही हे उघड आहे. तिथे एखादे संपृक्ततेचे, म्हणजे वाढीला वरून मर्यादा घालणारे, पद घालणे अवघड नाही.

माझ्या दृष्टीने त्या प्रारूपाचे खरे मोल त्याच्या एका भाकितात आहे, जे प्रयोगाने खोटे ठरवता येण्यासारखे होते. प्राण्याला एका दिव्यावरून बक्षीस येणार हे पुरते ठाऊक झाले असेल आणि नंतर त्या दिव्याच्या जोडीला एक आवाजही सुरू केला, तर प्राणी आवाजाबद्दल फारसे काही शिकत नाही, कारण चूक आधीच शून्य झालेली असते. याला ‘ब्लॉकिंग’ म्हणतात. रेडिश यांचे म्हणणे खरे असेल, तर बक्षीस कोकेनचे असताना चूक कधीच शून्य होणार नाही आणि ब्लॉकिंगही दिसणार नाही. पॅनलिलिओ, थॉर्नडाइक आणि शिंडलर यांनी २००७ साली उंदरांवर हा प्रयोग केला, तेव्हा कोकेनच्या बाबतीतही ब्लॉकिंग स्पष्टपणे आढळले. म्हणजे ते प्रारूप आहे त्या रूपात टिकले नाही. तरीही ‘डोपामिन वाढते म्हणून व्यसन लागते’ या सैल विधानाला असे कधीही खोटे ठरवता आले नसते, आणि समीकरण मांडण्याचे कष्ट घ्यायचे ते यासाठीच.

उत्तर २ – अक्षांश

रेवती यांच्या उत्तराला मी दुसऱ्या प्रवाहाची बाजू जोडतो. शिकण्याच्या प्रारूपात शरीरात पदार्थ किती उरला आहे याला जागाच नसते, आणि ही मोठी उणीव आहे. त्सिबुल्स्की आणि नॉर्मन यांनी १९९९ मध्ये स्वतःहून कोकेन टोचून घेणाऱ्या उंदरांचे वर्तन एका सुबक सूत्रात बसवले. पदार्थाची पातळी घातांकी नियमाने उतरत जाते आणि ती एका उंबरठ्याखाली गेली की उंदीर पुन्हा कळ दाबतो, एवढेच गृहीत धरले, तर दोन मात्रांमधील वेळेचे अंतर = अर्धायुकाल (पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ) × [(१ + मात्रा ÷ उंबरठा) याचा २ पाया असलेला लॉगरिदम]. मात्रा उंबरठ्याइतकी असेल तर अंतर एक अर्धायुकाल, आणि मात्रा तिप्पट केली तर अंतर दोन अर्धायुकाल. आता हा उंबरठाच वर सरकला तर काय होईल ते पाहा. मात्रा पहिल्याइतकीच ठेवून उंबरठा दुप्पट केला, तर अंतर एका अर्धायुकालावरून सुमारे ०.५८ अर्धायुकालावर येते. सेवनाची वारंवारता वाढते ती पदार्थ अधिक आवडू लागला म्हणून नव्हे, तर तो पुरेनासा झाला म्हणून.

उंबरठा खरोखरच सरकतो का? अहमद आणि कूब यांनी १९९८ साली उंदरांच्या एका गटाला कोकेन दिवसातून एक तास आणि दुसऱ्याला सहा तास मिळू दिले. पहिल्या गटाचे सेवन स्थिर राहिले, तर दुसऱ्याचे दिवसेंदिवस वाढत गेले, आणि पहिल्या तासापुरती तुलना केली तरी ही वाढ दिसली. सुखाचा आधारबिंदूच, म्हणजे शरीर जी पातळी सामान्य मानते तीच, ढळतो, असा अर्थ त्यांनी लावला. या विचाराचे मूळ सॉलोमन आणि कॉर्बिट यांच्या १९७४ च्या सिद्धांतात आहे: प्रत्येक सुखद उद्दीपनामागून एक संथ विरोधी प्रक्रिया जागी होते, ती वारंवार सेवनाने बळावते, आणि पदार्थ उतरल्यावर तीच एकटी मागे उरते. विथड्रॉवलचा (पदार्थ बंद झाल्यावर होणारा) त्रास आणि अस्वस्थता ही तिचीच रूपे आहेत. पुढे केरामाती आणि गुटकिन यांनी ‘आधारबिंदूपासूनचे अंतर जितके घटते तितके बक्षीस’ अशी व्याख्या करून आपण म्हणता ते दोन्ही प्रवाह एकाच चौकटीत आणले. कोकेनवरील त्यांचा सविस्तर लेख २०१७ चा आहे. प्रबंधाची सुरुवात मी तिथून करेन.

अचानक ढासळण्याच्या प्रश्नाला मात्र आपल्याच विषयात देखणे उत्तर आहे. ‘ओढ’ नावाचा एक चल (बदलती राशी) घ्या, आणि त्याच्या बदलाचा दर = बाह्य संपर्क − ०.४ × ओढ + ओढीचा वर्ग ÷ (१ + ओढीचा वर्ग) असा माना. शेवटचे पद म्हणजे ओढीतून सेवन आणि सेवनातून ओढ हे स्वतःला पोसणारे चक्र. संपर्क शून्य असताना समतोल बिंदू, म्हणजे जिथे हा दर शून्य होतो अशी मूल्ये, तीन मिळतात: ०, ०.५ आणि २. यांतील ० आणि २ स्थिर, तर ०.५ अस्थिर आहे. ओढ ०.५ च्या आत असताना संपर्क तुटला, तर ती आपोआप विझते. बहुतेकांच्या बाबतीत हेच घडत असावे. आता संपर्क कायम ०.०५ इतका ठेवा. खालचा स्थिर बिंदू संपर्क ०.०४२ च्या आसपास पोहोचतानाच नाहीसा झालेला असतो, त्यामुळे प्रणालीला वर जाण्यावाचून गत्यंतर नसते. पण तो बिंदू जिथे होता त्या जागेजवळ दर जवळजवळ शून्य असल्याने ती तिथे फार काळ रेंगाळते. बाहेरून पाहणाऱ्याला, आणि स्वतः त्या माणसालाही, सारे आटोक्यात आहे असेच दिसते. एकदा ओढ ०.५ पलीकडे गेली की संपर्क पुन्हा शून्य केला तरी ती २ कडेच खेचली जाते. आत जाण्याचा आणि बाहेर येण्याचा मार्ग एक नसणे, म्हणजेच शैथिल्य, या प्रारूपात कुठलीही वेगळी तरतूद न करता मिळते.

हे आकडे कोणत्याही मोजमापातून आलेले नाहीत. रचना स्पष्ट व्हावी म्हणून मी ते निवडले आहेत. क्षयाचा सहगुणक (वरच्या समीकरणातील ०.४) ०.५ च्या वर नेऊन पाहा: संपर्क शून्य असताना वरचा स्थिर बिंदू उरतच नाही. माणसामाणसांतील फरक अशा एखाद्या प्राचलात (समीकरणातील ठरवून घ्यायच्या आकड्यात) दडलेला असणे शक्य आहे.

उत्तर ३ – विभावरी

मी मनोविकारतज्ज्ञ आहे आणि व्यसनी रुग्णांवर उपचार करते. वरील दोन्ही उत्तरे आवडली, परंतु त्यांत परिस्थिती हा घटक फार पातळ झाला आहे आणि तो तसा राहू नये, असे मला तळमळीने वाटते.

व्हिएतनाम युद्धातून १९७१ साली परतलेल्या अमेरिकी सैनिकांचा ली रॉबिन्स यांनी केलेला पाठपुरावा प्रसिद्ध आहे. तिथे असताना सुमारे २० टक्के सैनिकांना अफूजन्य पदार्थांचे व्यसन लागले होते, पण त्यांपैकी पहिल्या वर्षात मायदेशी पुन्हा व्यसनाधीन झालेले जेमतेम ५ टक्के होते, आणि तीन वर्षांचा हिशेब धरला तरी १२ टक्के. अक्षांश यांच्या प्रारूपात हे सैनिक २ या बिंदूवर बसलेले होते. संपर्क तुटूनही ते तिथेच अडकून राहायला हवे होते. ते सुटले, कारण ज्या जागा, माणसे, भीती आणि कंटाळा यांच्याशी ते सेवन जोडले गेले होते, ते सगळे मागे राहिले. माझे रुग्ण याच्या नेमके उलट करतात: उपचार केंद्रात बरे होतात आणि जिथे व्यसन जडले त्याच खोलीत, त्याच सोबतीत परततात. तिथे तलफ उसळते, तेव्हा कुटुंबीयांना वाटते की याच्या इच्छाशक्तीतच खोट आहे, आणि त्या आरोपाने जे नुकसान होते ते मी जवळून पाहते.

या बाबतीत रेडिश यांचेच २००७ चे काम पाहावे, असे मी सुचवेन. त्यात त्यांनी व सहकाऱ्यांनी असे मांडले की बक्षीस यायचे थांबले की मेंदू जुने मूल्य पुसत नाही. तो ‘ही परिस्थिती वेगळी आहे’ अशी नवी वर्गवारी करतो. जुनी परिस्थिती ओळखू आली की जुने मूल्य जसेच्या तसे हाती येते. वर्षांनंतरच्या पुनरागमनाचा हा उलगडा मला दवाखान्यातील अनुभवाच्या सर्वांत जवळचा वाटतो.

आणि थोड्यांनाच व्यसन का, याबद्दल: देरोश-गामोने, बेलँ आणि पियाझा यांच्या २००४ च्या प्रयोगात सुमारे तीन महिने कोकेन घेतलेल्या उंदरांपैकी १७ टक्क्यांच्या आसपासच उंदरांमध्ये व्यसनाचे तिन्ही निकष पुरे झाले: पदार्थ मिळत नसतानाही शोधत राहणे, त्यासाठी अफाट कष्ट घेणे आणि शिक्षा होत असूनही न थांबणे. सेवन मात्र साऱ्यांनी जवळपास सारखेच केले होते. केवळ एकूण मात्रा मोजणारे प्रारूप इथेच अपुरे पडते.

सांख्य

तिघांचेही मनापासून आभार. विभावरी यांचा आक्षेप ध्यानात घेऊन मी असा विचार करते आहे की ‘ओढ’ हा एकच चल न ठेवता प्रत्येक परिस्थितीसाठी वेगळा चल घ्यावा आणि विरोधी प्रक्रियेचा संथ चल मात्र सर्वांना सामाईक ठेवावा, कारण संकेत खोलीशी बांधलेले असतात, पण शरीर एकच असते. मग जागा बदलली की ओढ शून्याजवळून सुरू होईल, आणि संथ चल मात्र आपल्या गतीने उतरेल. यात काही मूलभूत अडचण दिसते का?

रेवती

रचना योग्य वाटते. व्हिएतनामचे निरीक्षण आणि जुन्या जागी परतल्यावर उसळणारी तलफ, ही दोन्ही त्यातून एकत्र निघावीत. अडचण प्राचलांची आहे. परिस्थितीगणिक चल वाढवत गेलात, तर प्राचलांचे अनेक वेगवेगळे संच त्याच सेवनाच्या नोंदींशी तितकेच चांगले जुळतील आणि त्यांतून निवड करण्याचा आधार उरणार नाही. त्यामुळे दोनच परिस्थिती घ्या, शिकण्याचा दर दोन्हींत सारखा ठेवा, आणि फक्त सेवनाचे प्रमाण न पाहता विरतीनंतर (पदार्थ बंद केल्यानंतर) प्राणी पहिल्या जागी आणि दुसऱ्या जागी किती वेळा कळ दाबतो ही नोंदही प्रारूपाला जुळवायला द्या. संथ चल सामाईक असेल, तर विरतीच्या पहिल्या काही दिवसांत नव्या जागीही कळ दाबणे वाढलेले दिसले पाहिजे आणि ते पुढे ओसरले पाहिजे, तर जुन्या जागेतील वाढ मागे उरली पाहिजे. तसे आढळले नाही, तर सामाईक चलाचे गृहीतक सोडावे लागेल. ही अट विदा (प्रयोगाच्या नोंदी) हाती येण्यापूर्वीच प्रबंधात लिहून ठेवा.