खान्देशातून परदेशी: तुमच्या घरचे अनुभव लिहा

अमळनेर, सध्या रॉटरडॅम

पाच वर्षांपासून आम्ही नेदरलँड्समध्ये आहोत. मी, बायको आणि नऊ वर्षांची मुलगी. मागच्या उन्हाळ्यात आई तीन महिने राहून गेली. रोज डोळ्यांसमोर असलेल्या कितीतरी गोष्टी तिच्यामुळे आम्हाला पहिल्यांदा दिसल्या, म्हणून हा धागा काढतोय. प्रेक्षणीय स्थळांच्या याद्या सगळीकडे मिळतात. आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारच्या माणसाला तिथे काय दिसलं, ते लिहा.

आई आली त्याच आठवड्यात महिन्याचा पहिला सोमवार होता. दुपारी बाराच्या ठोक्याला भोंगा वाजला. इथे देशभर दर महिन्याला तो असाच वाजवून बघतात, संकटाच्या वेळी यंत्रणा चालावी म्हणून. तिला सांगायचं आम्ही विसरलो होतो. मी घाबरून घरी फोन केला तर ती म्हणाली, "मिलना भोंगा शे ना?" प्रताप मिलच्या भोंग्यावर तिचं सगळं बालपण गेलेलं. त्यानंतरच्या दोन्ही पहिल्या सोमवारी ती बाराच्या आधी खिडकीशी जाऊन बसली.

दुसरी गोष्ट पोहण्याची. आमच्या बोरी नदीला पावसाळा सोडला तर पाणी नाही, त्यामुळे मी कधी पोहायला शिकलो नाही. इथे देशाचा साधारण चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली आहे आणि घरामागेच कालवा. मूल शाळेत जायला लागलं की पोहण्याचं प्रमाणपत्र मिळवणं आलंच. त्या परीक्षेत अंगावर कपडे आणि पायात बूट घालून पोहायचं असतं, आणि पाण्याखाली टांगलेल्या ताडपत्रीच्या भोकातून पलीकडे निघायचं असतं. मुलगी त्या भोकात शिरली तेव्हा काठावर आईने माझा हात इतका घट्ट धरला होता की नखांचे वळ उठले. १९५३ च्या पुरात इथली १,८३६ माणसं गेली. हे लोक पोहण्याला खेळ का समजत नाहीत, ते त्या दिवशी कळलं.

किंडरडाइकच्या १९ पवनचक्क्याही तिला दाखवल्या. बहुतेक १७४० च्या सुमाराच्या. खोलगट जमिनीतलं पाणी वर उपसून नदीत टाकायला बांधलेल्या. आई बराच वेळ बांधावर उभी राहिली, मग म्हणाली, "आपुन पानी आनासाठे मरतस, अन् ह्या लोके पानी काढासाठे."

भुसावळ, सध्या झुरिक

काकूंचा भोंगा वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझे वडील रेल्वेत लोको पायलट होते. निवृत्त झाल्यावर आई-बाबा आमच्याकडे आले. आईला बर्फ बघायचा होता, बाबांना रूळ.

आल्प्समधलं युंगफ्राउयोखचं स्थानक ३,४५४ मीटर उंचीवर आहे. गाडी तिथवर १९१२ पासून जाते, आणि वरचा बहुतेक रस्ता डोंगराच्या पोटातला बोगदा आहे. क्लाइने शायडेकला गाडी बदलताना बाबा दिसेनात. फलाटाच्या टोकाला उकिडवे बसून ते दोन रुळांमधली दातेरी पट्टी बघत होते. इगतपुरीपर्यंत गाड्या नेलेला माणूस. कसारा घाटात सदतीसला एक चढ, तिथे मागून ढकलायला बँकर इंजिनं लावावी लागतात हे त्यांनी मला लहानपणी शंभरदा सांगितलेलं. इथे काही ठिकाणी चाराला एक चढ आहे. उतरताना गाडीची मोटर उलट वीज तयार करून तारेत परत सोडते, हे त्यांनी तिथल्या चालकाकडून हातवारे करून समजून घेतलं. त्याला हिंदी येत नव्हती, बाबांना जर्मन येत नव्हतं. दहा मिनिटं दोघं बोलत होते.

वरच्या बर्फाबद्दल बाबा घरी येऊन एक शब्द बोलले नाहीत. भुसावळच्या मित्रांना त्या पट्टीबद्दल मात्र रोज फोन.

रोजच्या जगण्यातलं एक सांगते. आमच्या इमारतीत कपडे धुण्याचं मशीन तळघरात, सगळ्यांचं मिळून एक. प्रत्येक घराचा वार ठरलेला. आपला वार चुकला की पुढच्या पाळीपर्यंत थांबायचं. पहिलं वर्ष मला हे फार जाचक वाटलं. आता गुरुवार म्हणजे माझा धुण्याचा दिवस, आणि शेजारच्या आजी त्या दिवशी मुद्दाम खाली येऊन दोन शब्द बोलतात.

रावेर, सध्या बर्मिंगहॅम

आमच्याकडे तीन पिढ्यांची केळी. इथे पहिल्यांदा दुकानात गेलो तेव्हा ढीगभर केळी बघून मी बायकोला सोडून तिकडेच गेलो. चिकटीवर इक्वेडोर, कोलंबिया, कोस्टा रिका. फळ हातात घेतलं तर आपल्या जी-नाइन वाणाचंच भाऊबंद, त्याच कॅव्हेंडिश गटातलं. पण एकाही फणीवर डाग नाही, ओरखडा नाही.

वडिलांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी भाव विचारला नाही. म्हणाले, "फणी उलटी कर, देठ दाखव." देठाचा काप बघून म्हणाले, कापल्यावर घड जमिनीला लागलेला नाही. मग मी वाचून काढलं. हिरवा माल जहाजात १३-१४ अंशांवर ठेवतात आणि इथे आल्यावर पिकवण कोठीत इथिलीन वायूवर पिकवतात. त्याहून थंड झालं तर साल काळवंडते. आपल्याकडे थंडीत बागेला चरका बसतो, तेच. वडिलांना हे सांगितल्यावर ते म्हणाले की मग इतके दिवस समुद्रावर असलेल्या मालाची तिकडचे लोक जास्त काळजी घेतात, आणि आपला माल बांधापासून रस्त्यापर्यंतच मार खातो. घड डोक्यावरून उतरवताना, ट्रकमध्ये रचताना. यंदा त्यांनी शेतातच फण्या सोडवून, धुऊन, खोक्यांत भरायला सुरुवात केली. एवढ्या एका फोनमुळे.

जळगाव, सध्या दुबई

थोडंच लिहितो. लोक म्हणतात जळगावच्या माणसाला दुबईचं ऊन काय! मे महिन्यात आपल्याकडे ४५ अंश असतात, पण हवा कोरडी असते, माठाचं पाणी गार होतं. इथे दमट हवेत घाम वाळतच नाही. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला कायद्याने बंदी आहे. त्या वेळात झाडाखाली पुठ्ठे टाकून झोपलेले मजूर दिसतात. कपाशी वेचणाऱ्या आमच्या बायांना असे अडीच तास कोणी दिले असते तर, हे रोज मनात येतं.

शिरपूर, सध्या कॅलगरी

आमच्याकडे हिवाळ्यात उणे तीसपर्यंत जातं. रात्री मोटारीच्या इंजिनाला विजेची वायर लावून ठेवावी लागते, नाहीतर सकाळी ती सुरू होत नाही.

पण मला कानबाईचं सांगायचंय, आपल्या खान्देशात नारळाच्या रूपात पुजतात त्या देवीचं. नागपंचमीनंतरच्या रविवारी आम्ही पाच घरं मिळून कानबाई बसवतो. नारळ इथे मिळतो. दळण सव्वाच्या मापाने मिक्सरवर करतो, त्यात जातं नाही याचं वाईट वाटतं. रोट एकत्र बसूनच खातो. सोमवारी विसर्जनाला बो नदीवर जातो. हिमनदीतून येणारं पाणी, ऑगस्टमध्येही पाय बधिर होतात. नदीत काही सोडत नाही. नारळ पाण्याला लावून घरी आणतो. पहिल्या वर्षी हे चुकतंय असं वाटून मी सासूबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "पानी लागनं ना, मंग झालं."

नंतर सगळे तसेच गाडीत बसून बांफला गेलो, सव्वाशे किलोमीटर. तिथून पुढच्या लेक लुईस तळ्याचा निळा-हिरवा रंग हिमनदीने दळलेल्या दगडाच्या पिठाचा आहे, हे मुलांनी शाळेत शिकलेलं आम्हाला सांगितलं. नऊवारीतल्या सहा बायका त्या तळ्याकाठी फुगडी घालत होत्या.

साक्री, सध्या लिस्बन

अमळनेरच्या मावशींचं पाण्याचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसलो.

आमचं गाव पांझरेकाठी, फडाचं. नदीवर जुना बंधारा, त्यातून पाट, आणि एका फडात, म्हणजे शेतांच्या एका पट्ट्यात, सगळ्यांचं एकच पीक. पाणी द्यायला गावाने नेमलेला पाटकरी. माझे मोठे काका पाटकरी होते.

इथून विमानाने दोन तासांच्या आत मदेइरा बेट येतं. मुलांच्या सुट्टीत आम्ही समुद्र बघायला म्हणून गेलो. तिथे डोंगराच्या कडेकडेने हातभर रुंदीचे पाट आहेत, त्यांना लेवाडा म्हणतात. उत्तरेकडे पाऊस, दक्षिणेकडे कोरडं, म्हणून पंधराव्या शतकापासून खडक फोडून पाणी इकडे आणलेलं. सगळे मिळून दोन हजार किलोमीटरांहून जास्त. पाटाच्या बांधावरून लोक चालायला येतात, काही ठिकाणी बोगद्यात बॅटरी लावून जावं लागतं. बायको-मुलं दऱ्यांचे फोटो काढत होती. मी पाण्याकडेच बघत चाललो. वळणावर गाळ धरायला खड्डा, बाजूला फाटा, फाट्याला पाणी अडवायची लोखंडी पाटी. तीच रचना.

आम्ही ज्यांच्या घरी उतरलो त्या म्हाताऱ्या गृहस्थांची पायऱ्यांच्या शेतात केळी होती. पाणी सोडणाऱ्या माणसाला तिथे लेवादेइरू म्हणतात. त्याने तासांचा हिशेब ठेवायचा, प्रत्येकाची पाळी ठरलेली.

गावी आल्यावर काकांना मोबाईलवर सगळं दाखवलं. ते आता ब्याऐंशीचे. दऱ्या, धबधबे, बोगदे त्यांनी भराभर पुढे सरकवले. फाट्याच्या पाटीवर थांबून त्यांनी एकच विचारलं, रातनं पानी कोनले?

सुदैवाने मी त्या गृहस्थांना हे विचारलं होतं. पाळी रात्रंदिवस फिरायची, त्यांच्या वडिलांची पहाटे दोनला यायची. ते कंदील घेऊन जायचे आणि हे लहान असताना मागे मागे.

काकांनी मोबाईल खाली ठेवला. "मंग त्यासले सांग," म्हणाले, "आम्हनी बी दोनलेच येये."