‘शिस्त’ म्हणजे नेम? : रायफलीच्या प्रशिक्षणातले शब्द

प्रश्न

एका निवृत्त हवालदारांच्या आठवणींचं मराठी शब्दांकन चालू आहे. बोलणं मराठी, पण प्रशिक्षणाचा विषय निघाला की शब्द फौजी हिंदीचे. एक वाक्य असं आहे : ‘उस्तादांनी पहिला आठवडा नुसती शिस्त घ्यायला शिकवलं, राउंड दिलाच नाही.’ इथे शिस्त म्हणजे वागण्यातली शिस्त असं मी धरलं होतं. पण पुढे ‘शिस्त घेताना डावा डोळा बंद’ असं येतं. म्हणजे अर्थ वेगळा दिसतो. जाणकारांनी सांगावं. मक्खी, बट, चांदमारी हे शब्दही वारंवार येतात, ते तसेच ठेवावेत का?

प्रतिसाद

तुमची शंका बरोबर आहे. फौजेत आणि एन.सी.सी.त ‘शिस्त लेना’ म्हणजे नेम धरणे, वर्तनाशी त्याचा संबंध नाही. चांगल्या फायरचे तीन उसूल सांगतात ते असे : मजबूत पकड, दुरुस्त शिस्त, सही ट्रिगर ऑपरेशन.

शब्द फारसी आहे. ‘शस्त’ म्हणजे अंगठा, आणि तिरंदाज प्रत्यंचा ओढताना अंगठ्यात घालत ती अंगठीसुद्धा. त्यावरून नेम. १९४७ पूर्वीच्या फौजेत शिकवणी रोमन लिपीतल्या उर्दूतून चाले, म्हणून हा शब्द तिथे टिकला. जुन्या मराठीतही ‘शिस्त धरणे’, ‘शिस्त लावणे’ हे बंदुकीच्या संदर्भात नेम धरण्यासाठीच येतं. पुढे आपल्याकडे व्यवस्था, वळण हा अर्थ इतका वरचढ झाला की मूळ अर्थ आज कानाला चूक वाटतो. नेम धरणं म्हणजे दोन-तीन गोष्टी एका रेषेत आणणं. त्या रेषेवरूनच अर्थ व्यवस्थेकडे सरकला असावा, असा माझा तर्क.

प्रतिसाद

गंमत म्हणजे ‘नेम’ हा शब्द बरोबर उलट्या वाटेने आला आहे. संस्कृत नियम, त्याचा नेम. ‘नेमाने’, ‘त्याचा काही नेम नाही’ यांत तो जुना अर्थ शाबूत आहे आणि ‘नेम धरला’ यात नवा. शिस्त नेमाकडून नियमाकडे गेली, नेम नियमाकडून नेमाकडे आला.

प्रश्नकर्ता

मग सगळीकडे ‘शिस्त’च्या जागी ‘नेम’ घालू का?

प्रतिसाद

नको. दोन्ही शब्दांची व्याप्ती सारखी नाही. ‘नेम चुकला’ म्हणजे गोळी लागली नाही, कारण काहीही असो. ‘शिस्त चुकली’ म्हणजे डोळा, मागची साइट, पुढची साइट (नेम धरण्यासाठी रायफलीवर बसवलेल्या खुणा) आणि लक्ष्य यांचा मेळ चुकला. शिस्त अगदी दुरुस्त असूनही ट्रिगर हिसकल्यामुळे नेम चुकतो. आठवणी सांगणाऱ्याने शब्द नेमका वापरलेला असतो, तो पुसू नये. पहिल्या वेळी ‘शिस्त घेणे, म्हणजे साइट जुळवून नेम धरणे’ असं वाक्यातच गुंफा आणि पुढे शिस्तच ठेवा.

आठवडाभर राउंड, म्हणजे काडतूस, न देता शिस्त का घोटवतात, ते आकड्यांवरून कळेल. दोन साइटमधलं अंतर ५५ सेंटिमीटर धरा. एस.एल.आर. (सेल्फ लोडिंग रायफल) मध्ये ते साधारण तेवढंच असतं. पुढच्या साइटचं टोक जागेवरून फक्त १ मिलिमीटर हललं, तर गोळी १०० मीटरवर सुमारे १८ सेंटिमीटर आणि ३०० मीटरवर सुमारे ५५ सेंटिमीटर बाजूला जाते. उलट, दोन्ही साइट नीट जुळलेल्या आहेत पण अख्खी रायफल समांतर १ सेंटिमीटर सरकली, तर चूकही १ सेंटिमीटरचीच. म्हणून नजर टोकावर रोखायची आणि लक्ष्य धूसर दिसू द्यायचं. नवशिका नेमकं उलटं करतो. लक्ष्य लख्ख दिसावं म्हणून टोकावरचं लक्ष सोडतो, मग ग्रुप, म्हणजे गोळ्यांच्या छिद्रांचा पुंजका, विखुरतो आणि दोष रायफलीला मिळतो.

श्वासाचंही तसंच. अर्धा सोडून रोखायचा आणि पाच-सात सेकंदांत राउंड गेला पाहिजे. त्यापलीकडे ताणलं की नजर अंधुक होते आणि हात थरथरतो. अशा वेळी श्वास सोडून शिस्त पुन्हा पहिल्यापासून घ्यायची.

प्रतिसाद

मक्खी म्हणजे हे पुढचं टोक, फोरसाइट. मराठीत याला ‘माशी’ म्हणतच असत, बंदुकीची माशी. नळीच्या तोंडाशी बसलेला बारीक उंचवटा, लांबून माशीसारखा दिसतो. मागच्या साइटला जुन्या उर्दू वळणाच्या बोलण्यात ‘दीदबान’ म्हणतात, आता सर्रास बॅकसाइट.

दृश्य लिहिताना रायफल कोणती ते विचारून घ्या. जुन्या पॉइंट ३०३ रायफलीच्या काही नमुन्यांत मागे खाच असते. माशीचं टोक खाचेच्या मधोमध आणि तिच्या खांद्यांच्या रेषेत आणावं लागतं. माशी खाचेत बुडाली तर गोळी खाली, वर निघाली तर वर. एस.एल.आर.ला मागे भोक आहे. भोकातून पाहिलं की डोळा आपोआप मध्य शोधतो, त्यामुळे ‘खाचेत माशी बसवली’ हे वर्णन तिथे चालणार नाही.

आणखी एक घोळ. माशीला धक्का लागू नये म्हणून दोन्ही बाजूंना धातूचे उभे कान असतात. पहाटेच्या अंधुक उजेडात नवशिका घाईत त्या कानालाच माशी समजतो. कान माशीपासून काही मिलिमीटर दूर असतो. वरचा हिशेब लावा, १०० मीटरवरच गोळी मीटरभर बाजूला जाते. बट पार्टी कागदावर छिद्र शोधत बसते आणि ते नसतंच.

प्रश्नकर्ता

हे ‘बट’ मला कळत नाही. कधी ‘बट खांद्यात घट्ट’, तर कधी ‘बटात ड्यूटी लागली’.

प्रतिसाद

दोन वेगळ्या वस्तू आहेत. खांद्याला टेकतो तो बट म्हणजे मराठीत दस्ता. ड्यूटी लागते तो बट म्हणजे लक्ष्यांमागचा मातीचा उंच बांध, ज्यात गोळ्या रुततात. त्याच्या पुढ्यात खंदक असतो. खंदकातली माणसं, म्हणजे बट पार्टी, लक्ष्य वर करतात, खाली घेतात, छिद्रांवर चिकटपट्ट्या लावतात आणि लांब दांडीच्या टोकाने गोळी कुठे लागली ते दाखवतात. लाल झेंडा वर असेतो फायर चालू आहे असं समजायचं. पहिल्यासाठी दस्ता लिहा, दुसऱ्यासाठी बटच ठेवा. ‘दस्त्यात ड्यूटी’ झालं तर हसू होईल.

या सगळ्या आवाराला चांदमारी. लक्ष्यावरचा गोल तो चांद, तो मारायचा ती चांदमारी. सरावालाही आणि जागेलाही तोच शब्द. गुवाहाटीत तर अख्ख्या भागाचं नाव चांदमारी आहे. हा शब्द मराठी वाचकाला परका नाही, बिनधास्त ठेवा.

प्रतिसाद

चाप आणि घोडा यांतही गल्लत करू नका. बोटाने दाबतात तो चाप. आत किंवा बाहेर आपटतो तो घोडा. बोलण्यात दोन्ही एकमेकांच्या जागी येतात, पण प्रशिक्षणाच्या वर्णनात फरक राखावा. ‘चाप ओढला’पेक्षा ‘दाबला’ बरं, कारण शिकवतात ते दाबायलाच. पॉइंट ३०३ ला दोन दाब असतात : पहिला ३ ते ४ पौंडांचा, दुसरा ५ ते ६ पौंडांचा. पहिला दाब शिस्त घेतानाच काढून ठेवायचा, दुसरा सावकाश वाढवत न्यायचा. आठवणींत ‘फर्स्ट पुल’ आलं तर ते हेच.

बार उडायच्या आधीच माणूस दचकतो, तो दोष पकडायला मॅगझिनमध्ये, म्हणजे रायफलीच्या काडतुसांच्या पेटीत, मधेच एखादा ड्रिल राउंड, म्हणजे दारू नसलेलं काडतूस, घालतात. ठो आवाज होत नाही, पण नळीचं तोंड खाली झुकलेलं सगळ्यांना दिसतं. तिथे शब्दांचा वाद उरत नाही.

प्रतिसाद

गोळी, काडतूस, राउंड : वर्तमानपत्रं तिन्ही एकच धरतात. काडतूस (पोर्तुगिजांकडून आलेला शब्द) म्हणजे पुंगळी, दारू, टोपी आणि गोळी मिळून. उडते ती फक्त गोळी, मागे पडते ती पुंगळी. फौजी माणूस काडतुसाला राउंड म्हणतो. ‘पाच राउंडचा ग्रुप’ म्हणजे पाच गोळ्यांची छिद्रं किती जवळजवळ पडली ते. ग्रुप लक्ष्याच्या मध्यापासून दूर पण घट्ट असेल तर उस्ताद खूश असतो, कारण साइट सरकवून तो मध्यावर आणता येतो. विखुरलेल्या ग्रुपला साइटचा उपाय नाही. १०० गजांवर ४ इंचांचा ग्रुप २०० गजांवर निदान ८ इंचांचा होणार, हे गृहीत असतं. गजाचे मीटर करत बसू नका, बोलणाऱ्याच्या तोंडी गजच शोभतो.

‘चिंधी’ आली असेल तर तीही तशीच राहू द्या. नळी साफ करायचा फलालीनचा तुकडा : कोरडा ४ बाय २ इंच, तेलाचा थोडा अरुंद, ४ बाय दीड. जाड घेतला तर पुलथ्रूची, म्हणजे चिंधी नळीतून ओढायची, दोरी नळीत अडकते. दोरी तिरकी ओढली तर ती नळीच्या तोंडाची कड घासते आणि तिथून नेम बिघडतो.

प्रतिसाद

सगळ्यात फसवा शब्द अजून कोणी काढला नाही. हुकूम येतो ‘खाली कर’. हा हिंदीतला खाली आहे, रिकामा या अर्थाचा. ‘उस्तादांनी सांगताच रायफली खाली केल्या’ असं लिहिलंत तर मराठी वाचक समजेल की जमिनीवर ठेवल्या. ‘रिकाम्या केल्या’ लिहा.

क्रमही नीट विचारून घ्या. आधी मॅगझिन काढायचं, मग कॉक करून (खटका मागे ओढून) चेंबरमधला, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी चढलेला, राउंड बाहेर, मग चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं, मग नळी बटाकडेच ठेवून चाप दाबायचा. मॅगझिन आत असताना कॉक केलं तर जुना राउंड बाहेर पडतो आणि नवा आत चढतो. हातातल्या राउंडकडे बघून जवान समजतो की रायफल रिकामी झाली.

प्रश्नकर्ता

माझ्या मसुद्यात ‘खाली केल्या’ तीन ठिकाणी आहे. आत्ताच दुरुस्त करते.