मदत हवी आहे: टेकडाउन नोटिसांवर पीएचडी करायची आहे, विषय कसा बांधू?

नमस्कार मंडळी,

एलएलएम झाल्यापासून मी एका लॉ फर्ममध्ये कॉपीराइटचं काम करते. त्यातला मोठा भाग म्हणजे क्लायंटच्या वतीने प्लॅटफॉर्मना टेकडाउन नोटिसा पाठवणं, म्हणजे 'या मजकुराने कॉपीराइट मोडलाय, तो उतरवा' असं कळवणं. आता प्रॅक्टिस सोडून पूर्णवेळ संशोधन आणि अध्यापनाकडे वळायचं पक्कं केलंय. घोडं अडलंय ते सिनॉप्सिसपाशी, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यापाशी.

माझ्या टेबलावर रोज सॉफ्टवेअरने शोधलेल्या लिंकांच्या लांबलचक याद्या येतात. एका ओळीत कुणीतरी अख्खा सिनेमा चढवलेला असतो. त्याच्याच खालच्या ओळीत त्याच सिनेमातली दृश्यं थांबवून थांबवून, कॅमेरा कुठे ठेवलाय ते समजावणारी समीक्षा असते. सॉफ्टवेअर चित्र आणि आवाज जुळवतं, त्यामुळे त्याच्या लेखी दोन्ही सारखेच. समीक्षेची ओळ मी काढून टाकते. पण जगभर रोज अशा किती याद्या कुणी न वाचता पुढे जात असतील, हा विचार डोक्यातून जात नाही. 2016 साली अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला, त्यात 10 कोटींहून जास्त टेकडाउन विनंत्यांमधून निवडलेला नमुना तपासला होता. दर 25 विनंत्यांमागे साधारण एकीत तर दाखवलेला मजकूर आणि तक्रारीतली कलाकृती यांचा मेळच नव्हता!

कायद्यात तोल सांभाळायची सोय आहे. अमेरिकेच्या 1998 च्या डीएमसीए या डिजिटल कॉपीराइट कायद्यात, कलम 512 खाली, ज्याचा मजकूर उतरवला तो प्रति-नोटीस देऊ शकतो, म्हणजे मजकूर चुकून उतरवलाय असं कळवू शकतो. मग तक्रारदार कोर्टात गेला नाही, तर 10 ते 14 कामकाजाच्या दिवसांत मजकूर परत लावायचा असतो. भारतात 36 तासांत मजकूर रोखायचा, आणि 21 दिवसांत कोर्टाचा आदेश आला नाही तर तो परत लावता येतो. युरोपच्या 2019 च्या कॉपीराइट निर्देशातल्या कलम 17 ने मजकूर रोखण्याचा बराचसा भार प्लॅटफॉर्मवरच टाकला, पण टीका आणि विडंबन अडता कामा नये असंही बजावलं. प्रश्न हा की, ज्याचा मजकूर उतरतो तो या सोयींचा वापर का करत नाही? कोर्टाची भीती, की असा हक्क आहे हेच ठाऊक नसतं?

मला तीन गोष्टींबद्दल तुमचं मत हवंय. निव्वळ कलमं आणि निकाल यांवर प्रबंध उभा करावा, की ल्युमेनसारख्या, टेकडाउन नोटिसा साठवणाऱ्या डेटाबेसमधल्या नोटिसा घेऊन आकडेवारीत शिरावं? दुसरं, सगळ्यांचं लक्ष आता एआयच्या प्रशिक्षणाकडे वळलंय. माझा विषय प्रबंध पूर्ण होईतो जुना तर होणार नाही ना? आणि इतक्या अरुंद विषयावर पीएचडी करून शिकवायची नोकरी मिळते का?

प्रतिसाद 1

विषय सोडू नका. रोज नोटिसा हाताळणारं माणूस संशोधनात क्वचितच येतं. मात्र एक सांभाळा: फर्ममधल्या याद्या तुमचा डेटा नाहीत. त्या क्लायंटच्या गोपनीय आहेत, प्रबंधात त्यांचा मागमूसही नको.

ल्युमेन जरूर वापरा, पण तिथे कंपन्या स्वखुशीने नोटिसा देतात. जी कंपनी देत नाही, ती त्या आकड्यांत नाही. शिवाय 'लोक प्रति-नोटीस का देत नाहीत' याचं उत्तर नोटिशीत सापडणार नाही, त्यासाठी माणसांशीच बोलावं लागेल. थोडी सांख्यिकी आणि मुलाखतींची पद्धत, दोन्ही शिकून घ्या.

नोकरीबद्दल स्पष्ट सांगतो. 1996 मध्ये अमेरिकेतले न्यायाधीश ईस्टरब्रुक म्हणाले होते की, घोड्यांचा जसा वेगळा कायदा शिकवत नाहीत, तसा सायबर कायदाही वेगळा शिकवू नये, मूळ तत्त्वं शिकवावीत. कायद्याचे प्राध्यापक लेसिग यांनी 1999 मध्ये त्याला उत्तर दिलं: सायबरविश्वात सॉफ्टवेअरचा कोडसुद्धा माणसाच्या वागण्याला कायद्यासारख्याच मर्यादा घालतो. तुमच्या याद्या जुळवणारं सॉफ्टवेअर नेमकं तेच करतंय, तेव्हा प्रबंध लेसिग यांच्या बाजूने लिहा. मुलाखतीला जाताना मात्र ईस्टरब्रुक यांचं ऐका. करार, मालमत्ता, अपकृत्य यांतले निदान दोन विषय शिकवता यायला हवेत.

प्रतिसाद 2

एआयची धास्ती घेऊ नका. युरोपच्या त्याच निर्देशात कलम 4 खाली हक्कधारकाला डेटा मायनिंगला, म्हणजे यंत्राने ढीगभर मजकूर वाचून त्यातून माहिती काढण्याला, आधीच नकार नोंदवता येतो. तो नकारही यंत्रच वाचणार. म्हणजे यंत्राने घेतलेला निर्णय कुणी तपासायचा, हा तुमचाच प्रश्न तिथेही उभा आहे. शेवटचं प्रकरण त्यावर ठेवा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. गोपनीयतेचा मुद्दा तर फार मोलाचा. मग मुलाखतींवरच भर देते: समीक्षा करणारे, शिकवणारे, विडंबन करणारे, ज्यांचे व्हिडिओ उतरले ते. फक्त एक विचारायचं राहिलं. माझ्या मनात असलेल्या गाईड कॉपीराइटमधल्या आहेत, पण मुलाखतींवर आधारलेलं काम त्यांनी केलेलं नाही. अशा वेळी समाजशास्त्रातले सह-मार्गदर्शक घेण्याचा कुणाला अनुभव आहे का? दोन विभागांत प्रबंधाची ओढाताण होते का?