मांजर अचानक गाभण निघाली: बाळंतपणात कधी थांबायचं आणि कधी दवाखाना गाठायचा?

घाटमाथा
घरची मांजरी, वय साधारण दहा महिने, पर्शियन-गावठी मिश्र, नसबंदी झालेली नाही. पोट दोन्ही बाजूंनी फुगलंय, सड गुलाबी होऊन वर आलेत, खाणं वाढलंय. माजावर कधी होती ते कळलं नाही, त्यामुळे तारीख काढता येत नाही. आम्ही चिपळूणच्या आतल्या भागात राहतो. मांजरांचं ऑपरेशन होतं असा दवाखाना दीड तासावर आहे, तोही रात्री बंद.
तारखेचा अंदाज कसा बांधायचा? ती अडलीय हे घरच्या घरी कसं ओळखायचं? आणि गोठेवाले म्हणतात की कळा थांबल्या तर गायीला देतात ते इंजेक्शन थोडंसं टोचा. ते चालेल का?

बोकोबा
आधी तारखेचं. मांजरीचे दिवस साधारण ६३ ते ६५ भरतात, तीनचार दिवस मागेपुढे होतात. सड गुलाबी होतात ते तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास. पोट डोळ्यांना दिसायला लागतं साधारण पाचव्या आठवड्यानंतर. म्हणजे तुमच्याकडे फार तर महिना आहे, कदाचित कमी.

या आठवड्यातच सोनोग्राफी करून घ्या. पिल्लं जिवंत आहेत का आणि वाढ किती झालीय ते त्यात कळतं, पण नेमकी किती आहेत ते सोनोग्राफीत चुकतं. मोजायला एक्स-रे लागतो. पिल्लांची हाडं ४५व्या दिवसानंतर एक्स-रेत उमटतात, पण ५५व्या दिवसानंतर काढलेला जास्त भरवशाचा. डॉक्टर डोकी आणि पाठीचे कणे मोजतात. हा आकडा हातात असणं फार मोलाचं आहे. 'संपलं की अजून आत आहे?' हा रात्री दोन वाजताचा प्रश्न त्यामुळे सुटतो.

दिवस कमी भरले असतील आणि पिल्लं नकोच असतील, तर गर्भासकट नसबंदी करता येते. तोही पर्याय त्याच भेटीत विचारा. लस राहिली असेल तर ती मात्र आता देऊ नका. जिवंत विषाणूंच्या लसीने पोटातल्या पिल्लांच्या मेंदूला इजा होऊ शकते.

शेपटीवाली
इंजेक्शनबद्दल सगळ्यात आधी, कारण यात जीव जातात: नाही, थेंबभरही नाही. ते ऑक्सिटोसिन असतं. पिल्लू आडवं अडकलेलं असताना ते दिलं तर गर्भपिशवी बंद दारावर जोर लावत राहते आणि फाटते. वाट मोकळी असली तरी जास्त डोसने पिशवी सलग आवळून राहते, वार (पिल्लाला नाळेने रक्त पुरवणारा भाग, प्लासेंटा) वेळेआधी सुटते आणि आतली पिल्लं गुदमरतात. मांजरीचा डोस अर्ध्या ते दोन युनिटच्या आसपास असतो. गायीच्या सिरिंजने तो अंदाजाने मोजताच येत नाही. डॉक्टरही आधी तपासून, एक्स-रे बघून, बऱ्याचदा कॅल्शियम दिल्यावरच ते वापरतात.

आता अडली कधी म्हणायचं. घड्याळ सुरू होतं ते जोर लावायला लागल्यापासून, अस्वस्थ झाल्यापासून नव्हे. पहिल्या टप्प्यात ती कोपरे उकरते, खोक्यात आतबाहेर करते, धापा टाकते, घुरघुरते, मागचा भाग चाटते, जेवण सोडते. हे सहा ते बारा तास चालतं, पहिलटकरणीत चोवीस तासही. त्याच्या आदल्या दिवशी गुदद्वारातलं तापमान ३७.८ अंश सेल्सिअसच्या खाली येऊ शकतं, पण मांजरीत यावर पूर्ण विसंबू नये. या टप्प्यात तुमचं काम एकच: खोलीत अंधार, शांतता, आणि बघायला माणसांची गर्दी नको.

दुसऱ्या टप्प्यात पोटावर स्पष्ट लाटा दिसतात, ती कूस बदलून किंवा उकिडवी बसून कुंथते. इथून पुढे या खुणा लक्षात ठेवा:

- जोराने सलग कुंथून २० ते ३० मिनिटं झाली आणि पिल्लू नाही: निघा.
- पिल्लाचा काही भाग किंवा त्याच्याभोवतीची पिशवी बाहेर दिसतेय आणि दहा मिनिटांत सरकत नाही: निघा.
- हिरवट-काळपट किंवा लालसर-तपकिरी स्राव आला आणि दोन तासांत पहिलं पिल्लू नाही: निघा.
- ताजं लाल रक्त वाहतंय, स्रावाला दुर्गंधी आहे, मांजर लुळी पडलीय किंवा थरथरतेय: लगेच निघा.

तुमचा रस्ता दीड तासाचा आहे, म्हणून २० मिनिटं झाली की फोन आणि गाडी दोन्ही एकदमच. कोणत्या दवाखान्यात रात्री सिझेरियन होतं हे आजच फोन करून विचारून ठेवा. १९६२ या फोन नंबरवरची फिरत्या पशुवैद्यकीय दवाखान्याची सेवा मुख्यतः गुराढोरांसाठी आहे, तिच्या भरवशावर राहू नका.

मागचे पाय आधी आले तर घाबरू नका, मांजरीत ते नेहमीचंच. नुसती शेपटी आणि ढुंगण दिसलं, पाय आत दुमडलेले असले, तर मात्र अडचण. पर्शियन रक्त असेल तर डोकी मोठी आणि चेहरे चपटे, त्यामुळे पिल्लू डोक्यापाशी अडकण्याची शक्यता गावठीपेक्षा जास्त. अर्धं बाहेर आलेलं पिल्लू रस्त्यात वाचवायची वेळ आली तर भरपूर केवाय जेली (औषधाच्या दुकानातलं बुळबुळीत वंगण) लावा, कोरड्या सुती फडक्याने खांद्यापाशी किंवा कमरेपाशी धरा, आणि ती कुंथेल तेव्हाच हलकेच खाली, तिच्या मागच्या पंजांच्या दिशेने ओढा. सरळ मागे नाही. एक पाय, शेपटी किंवा डोकं धरून तर कधीच नाही.

घाटमाथा
खूप आभार. इंजेक्शनचा विषय बंद. दोन पिल्लं झाली आणि मध्येच थांबली तर? आणि पिल्लू निपचित जन्मलं तर काय करायचं?

शेपटीवाली
दोन पिल्लांत साधारण दहा मिनिटं ते तासाभराचं अंतर असतं. पण मांजरी मध्येच बाळंतपण थांबवते, पिल्लांना पाजते, खाते, झोपते आणि बारा-चोवीस तासांनी उरलेली घालते, हेही घडतं. ती शांत आहे, कुंथत नाही, पाजतेय, स्राव घाण नाही, तर तो विसावा. कुंथून कुंथून दमली, कळा बारीक होत गेल्या आणि एक्स-रेतला आकडा पुरा झाला नाही, तर गर्भपिशवी थकलीय. तिथे वाट बघण्यात अर्थ नाही. कळत नसेल तर सोनोग्राफीत पिल्लांचे ठोके बघतात. ते मिनिटाला २०० च्या वर हवेत. सतत १८० च्या खाली असतील तर डॉक्टर सिझेरियनकडे वळतात.

बाहेर पडलेली प्रत्येक वार मोजा. प्रत्येक पिल्लामागे एक. ती खाते, म्हणून बघत राहावं लागतं. एखादी आत राहिली तर दोनतीन दिवसांत ताप आणि दुर्गंधी येते.

निशिगंधा_क
निपचित पिल्लाचं मी लिहिते. मांजरीने मिनिटभरात पिल्लाभोवतीची पिशवी फोडली नाही तर तुम्ही फोडा, आधी नाकातोंडावरची. डोकं किंचित खाली ठेवून नाकपुडी-तोंड पुसा, सक्शन बल्ब (नाकातला चिकटा ओढून घेणारा रबरी फुगा) असेल तर वापरा, आणि कोरड्या टॉवेलने पाठ-छाती जोराजोरात चोळा. पिल्लाला हातात धरून झोके देऊन पाणी काढायची पद्धत सोडा, मेंदूत रक्तस्राव होतो. दहा-पंधरा मिनिटं चोळत राहिल्यावरही पिल्लं श्वास घेऊ लागल्याचं घडतं, घाईने बाजूला ठेवू नका.

नाळ पोटापासून दोनतीन सेंटीमीटरवर बीटाडीनमध्ये बुडवलेल्या दोऱ्याने बांधून बांधाच्या पलीकडे कापा. नाळ ओढली तर हर्निया होतो. टोकाला बीटाडीन. डेटॉल मांजरीच्या जवळपासही नको, चाटल्यावर विषबाधा होते. आईला वेदना होतायत म्हणून पॅरासिटामॉल तर अजिबात नाही, अर्धी गोळीही मांजरीचा जीव घेऊ शकते.

ऊब म्हणजे पहिल्या आठवड्यात खोक्याच्या अर्ध्या भागात ३० अंश सेल्सिअसच्या आसपास. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून एका बाजूला ठेवा, म्हणजे पिल्लाला नको झाल्यावर सरकता येतं. गार पडलेल्या पिल्लाला आधी हळूहळू गरम करा, मगच दूध. गार पोटात दूध पचत नाही, कुजतं. चीक पहिल्या सोळा तासांच्या आत मिळाला पाहिजे, नंतर आतडी त्यातली प्रतिकारद्रव्यं शोषत नाहीत. वरचं दूध लागलं तर मांजरांच्या पिल्लांचंच, गायीचं नको. पाजताना पिल्लू पालथंच ठेवा; उताणं धरलं की दूध फुप्फुसात जातं. किचनच्या डिजिटल काट्यावर रोज वजन करा: जन्मतः ९० ते ११० ग्रॅम, रोज १० ते १५ ग्रॅम वाढ. एक दिवस वजन थांबलं तर लक्ष ठेवा, उतरलं तर त्याच दिवशी दाखवा.

बोकोबा
एक राहिलंच. गाभणपणात मनाने कॅल्शियमच्या गोळ्या देऊ नका. शरीराची स्वतःचं कॅल्शियम हाडांतून काढायची यंत्रणा त्याने सुस्तावते, आणि पाजताना गरज वाढली की झटके येतात. त्याऐवजी आतापासून पिल्लांचं खाणं, म्हणजे किटन फूड, सुरू करा. पाजताना तिला नेहमीच्या दुप्पट ते चौपट लागतं, वाडगा भरलेलाच ठेवा.

घाटमाथा
सोनोग्राफीची वेळ उद्याची मिळाली. नसबंदी मग कधी?

शेपटीवाली
सिझेरियन झालंच तर त्याच वेळी करा. दूध आटत नाही, ते उतरवणारं संप्रेरक मेंदूतल्या ग्रंथीतून येतं, बीजकोशातून नाही. नाहीतर पिल्लं आठ आठवड्यांची होऊन दूध तुटलं की दोनेक आठवड्यांनी. तोवर दारं-खिडक्या बंद ठेवा, कारण अंगावर पाजतानाही ती माजावर येते. आणि उद्या जाताना पिंजऱ्यात जुनी चादर ठेवा, पोट दाबून उचलू नका.